सहा जण सांगलीचे

आमच्या स्टुडिओत चहाच्या मशिनच्या वर एक टीव्ही टांगलेला होता. घेतला क्रिकेटसाठी, पण आमचा गेम बाजारात आला त्या संध्याकाळपासून त्यावर एकच गोष्ट दिसायची: स्टीमवर या क्षणी तो किती जण खेळताहेत तो आकडा, आणि त्याखाली सरकणारी हिरवी रेघ. पहिल्या संध्याकाळी आकडा ५३ वर गेला तेव्हा साहेबांनी पेढे मागवले. बॉक्स फिरत फिरत टेस्टिंगच्या टेबलाशी आला आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, की टेस्टिंगच्या नऊही मशिनवर गेम चालूच आहे. नऊ वजा झाले. मग आर्टवाल्यांनी हळूच हात वर केले. मग अकाउंट्समधल्या ताई म्हणाल्या, “मी पण घरी मुलाला लावून दिलाय.” वजाबाकी संपली तेव्हा खरी गिऱ्हाइकं पेढ्यांपेक्षा कमी भरली.

स्टुडिओचं नाव सांगणार नाही, पेढ्यांच्या दुकानाचंही नाही. पुण्यात, बाणेरच्या अलीकडे, एवढं पुरे. मी तिथे कम्युनिटी सांभाळायचो. म्हणजे लोकांनी घातलेल्या शिव्यांना ‘अभिप्रायाबद्दल आभार’ असं उत्तर लिहायचं काम. त्या खुर्चीतून टीव्ही नेमका समोर दिसायचा, त्यामुळे त्या आकड्याची नाटकं जितकी मी पाहिली तितकी कोणी पाहिली नसतील.

आता हा आकडा येतो कुठून, ते खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. स्टीम हे व्हॉल्व्ह कंपनीचं पीसी गेमचं दुकान. कोणत्या गेमवर आत्ता किती जण बसलेत, हे ते दुकान उघड सांगतं आणि स्टीमडीबीसारख्या साइट त्याचे आलेख काढतात. सोनी असं काही दाखवत नाही, निन्टेंडो तर नाहीच नाही. बालगंधर्वच्या बुकिंगच्या खिडकीत प्लॅन सगळ्यांना दिसतो, म्हणून नाटक चाललं की पडलं याचा निकाल पुणेकर तिथेच उभं राहून लावतात. गडहिंग्लजपासून नांदेडपर्यंतच्या दौऱ्याचा गल्ला निर्मात्याच्या डायरीत असतो आणि ती डायरी तो बायकोलाही दाखवत नाही. गेमच्या धंद्यात स्टीम म्हणजे ती खिडकी.

खिडकीचेही काही रिवाज असतात. एका बुधवारी पहाटे पाचला साहेबांचा फोन आला. आवाज घोगरा. “आकडा शून्य झालाय. गेम उघडत नाहीये का लोकांचा?” मी लॅपटॉप उघडला. स्टीमची दर आठवड्याची सर्व्हरची डागडुजी अमेरिकेत मंगळवारी दुपारी होते, म्हणजे आपल्याकडे बुधवारी पहाटे. त्या काही मिनिटांत सगळ्यांचेच आलेख खड्ड्यात जातात. “सर, काउंटर-स्ट्राइकचाही पडलाय.” पलीकडे शांतता. मग एकदम प्रसन्न सुरात, “असं होय!” आमचा गेम आणि काउंटर-स्ट्राइकसारखा अजस्र गेम एकाच वेळी, एकाच कारणाने पडले, हा आमच्या इतिहासातला सर्वोच्च बिंदू. पुढच्या बुधवारी साहेब मुद्दाम गजर लावून उठले होते, असं ऐकलं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर दुसरा एक छोटा स्टुडिओ होता. जेवायला खानावळ एकच, त्यामुळे तोंडावर गोडवा आणि मनात आलेख. २०१८ च्या जुलैमधली गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्याआधी तीन वर्षं सर्गेई गॅल्योंकिन यांच्या स्टीम स्पायवरून कोणाचा गेम किती खपला याचा अंदाज मिळायचा. युक्ती एक्झिट पोलची: लोकांची उघडी प्रोफाइलं थोडी थोडी चाळायची आणि त्यावरून सगळ्यांचा हिशेब बांधायचा. एप्रिल २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रत्येकाची गेमची यादी मुळातच झाकून टाकली आणि पोल बसला. मग टायलर ग्लेल नावाच्या गेम बनवणाऱ्याच्या ध्यानात आलं, की गेममधली अमुक कामगिरी किती टक्के खेळाडूंनी केली हे स्टीम सांगतं खरं, पण त्या टक्केवारीच्या पोटात दशांशचिन्हापुढे पंधरा-सोळा आकडे भरलेले आहेत. एवढे दशांश हातात असले की उलटं गणित करून भाजक सापडतो, आणि भाजक म्हणजे एकूण खेळाडू. दोन-चार दिवस लोकांनी मनसोक्त भागाकार केले. टीम फोर्ट्रेस २ चे खेळाडू ५ कोटींच्या वर निघाले. मग व्हॉल्व्हने दशांश छाटले. एवढ्या मोठ्या दुकानाचं गुपित शाळेतल्या भागाकाराने फोडलं, आणि त्यावर त्यांनी लावलेलं कुलूप म्हणजे राउंड ऑफ. आमच्या प्रोग्रामरने त्या मोजक्या दिवसांत वरच्या मजल्याच्या गेमचा भागाकार केला होता. उत्तर त्याने कोणालाही सांगितलं नाही, पण आठवडाभर तो लिफ्ट सोडून जिन्याने, शीळ घालत जायचा.

पुढे आमचे आलेख शेजारी शेजारी आले तेव्हा वरच्यांच्या गेमवर रात्रंदिवस सात-आठ जण असायचे. साहेबांना ते झोंबायचं. “त्यांचा खेळाडू टिकून आहे, आपला का नाही? जरा खेळून बघा, काय केलंय त्यांनी.” आमच्यातले तिघे कर्तव्यबुद्धीने बसले. एकदा खानावळीत वरचा डिझायनर आमटीत पोळी बुडवता बुडवता म्हणाला, “तुमचे आठ-दहा जण मात्र पक्के आहेत हां. आमच्या बॉसने चार जणांना लावलंय, तुमचा गेम खेळून बघायला.” मी पापड मोडला आणि विषय बदलला.

हे झालं अंगणातलं. मोठ्यांच्या वाड्यातही हेच चालतं, फक्त शून्यं जास्त असतात.

कॉन्कॉर्डची कहाणी सगळ्यांना पाठ आहे. सोनीचा गेम, २३ ऑगस्ट २०२४ ला आला, स्टीमवरचा उच्चांक ६९७, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद, पैसे परत. त्या वेळी काही समंजस मंडळी सांगत होती की थांबा, हा तर प्लेस्टेशनचा गेम, पीसीवरून तर्क करू नका. तत्त्वतः बरोबर होतं. पण दोन आठवड्यांत सोनीनेच दुकान आवरलं आणि खिडकीवरचा ६९७ हा आकडा साऱ्या घराचं खरं सांगत होता, असं निघालं. आमच्या ऑफिसात त्या ६९७ वर खूप हसू झालं. हसताना मी टीव्हीकडे पाहिलं. आमचे अकरा होते. त्या अकरांतले सहा कोण, ते पुढे येतंच.

याच्या उलटी गंमत युबिसॉफ्टची. २०२५ च्या मार्चमध्ये असॅसिन्स क्रीड शॅडोज आला. स्टीमवर एका वेळी जास्तीत जास्त ६५ हजारांच्या आसपास खेळाडू दिसले आणि लोकांनी तेराव्याची तयारी सुरू केली. युबिसॉफ्ट म्हणाली, पहिल्या दिवसाची कमाई मालिकेत दुसऱ्या क्रमांकाची आहे; पहिला फक्त व्हाल्हाला. मग कोणीतरी व्हाल्हालाचा स्टीमवरचा पहिला दिवस शोधायला गेलं. तो २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा स्टीमवर नव्हताच! दुकानाशी पटत नव्हतं म्हणून युबिसॉफ्टने तो आपल्या आणि एपिकच्या गाळ्यात विकला आणि स्टीमवर आणला तो थेट डिसेंबर २०२२ मध्ये. मालिकेतल्या विक्रमी दिवशी स्टीमवरचे खेळाडू: शून्य. बुधवार पहाटेसारखे.

स्टारफिल्डच्या वेळी, सप्टेंबर २०२३ मध्ये, एक्सबॉक्सचे फिल स्पेन्सर यांनी जाहीर केलं की सगळं मिळून एका वेळी १० लाखांहून जास्त लोक खेळताहेत. स्टीमवर या गेमचा उच्चांक ३ लाख ३० हजारांच्या घरात. म्हणजे खिडकीतून दिसला तो फार तर एक तृतीयांश मांडव. बाकीचे गेम पासच्या वर्गणीवर आणि एक्सबॉक्सवर, पडद्याआड जेवत होते. इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कंपन्या आपला एकूण आकडा चांगला असला की स्पेन्सर साहेबांसारख्या आनंदाने सांगतात. वाईट असला की ‘खेळाडूंचा उत्साह पाहून आम्ही भारावलो आहोत’ असं पत्रक निघतं. अशी पत्रकं मीही लिहिली आहेत. ‘भारावलो’ हा शब्द आमच्याकडे तीन अंकी आकड्याच्या खाली वापरायचा, असा अलिखित नियम होता.

पीसीचा आकडा फुगून नाचत असताना बाकी घराला आग लागल्याचा किस्सा सायबरपंक २०७७ चा. १० डिसेंबर २०२० ला तो आला आणि स्टीमवर एका वेळी १० लाखांच्या वर लोक. एकट्याने खेळायच्या गेमसाठी तेव्हा ही अद्भुत गोष्ट होती. आलेख बघणाऱ्याला वाटावं, दिवाळी आहे. त्याच आठवड्यात जुन्या प्लेस्टेशनवर पात्रांचे चेहरे विरघळत होते, कंपनी माफी मागत होती, आणि साधारण आठवडाभराने सोनीने तो आपल्या दुकानातून काढूनच टाकला. परत आला तो जून २०२१ मध्ये. आलेखात यातलं काहीच नाही. तिथे सगळं छान चाललं होतं.

पण या शर्यतीतला माझा लाडका घोडा म्हणजे केळं. २०२४ च्या जूनमध्ये ‘बनाना’ नावाचा एक फुकट गेम स्टीमवर वर चढायला लागला. गेम म्हणजे पडद्यावर एक केळं. त्यावर क्लिक करायचं, आकडा एकाने वाढतो. बस्स. अधूनमधून बक्षीस म्हणून आणखी एक केळं मिळायचं, आणि ते स्टीमच्या बाजारात विकता यायचं. आमच्या टीव्हीवर कोणीतरी तो आलेख लावला होता आणि चहा गार होईपर्यंत आम्ही पाहत उभे राहायचो: पाच लाख, सात लाख, नऊ लाखांच्या वर. बनवणाऱ्यांनीच कबूल केलं की यातले बरेचसे बॉट आहेत, म्हणजे केळी गोळा करायला लावून ठेवलेली यंत्रं. आधीच्या वर्षी सर्वोत्कृष्ट गेम म्हणून नावाजलेल्या बाल्डर्स गेट ३ चा स्टीमवरचा उच्चांक पावणेनऊ लाख. यादीत तो केळ्याच्या खाली गेला. साहेबांनी बैठक बोलावली आणि गंभीरपणे विचारलं, “आपल्याला आंबा करता येईल का?”

पॉलवर्ल्डचं निराळं. १९ जानेवारी २०२४ ला आला, स्टीमवर एका वेळी २१ लाखांपर्यंत गेला आणि महिनाभरात उतरला. ‘इतके टक्के खेळाडू गेले’ अशा बातम्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्या कम्युनिटी मॅनेजरने लिहिलं की विश्रांती घ्या, दुसरे गेम खेळा, काही बिघडत नाही. आमच्या धंद्यात कोणी असं लिहीत नाही. मी ते वाचून खुर्चीतून उठून उभा राहिलो. मला असं एक वाक्य लिहायची परवानगी मिळायला तीन सह्या लागल्या असत्या. आणि ज्या आलेखावरून ही रडारड चालली होती त्यात एक्सबॉक्सवरचे खेळाडू नव्हतेच. कंपनीने पहिल्या महिन्यात सांगितलेल्या अडीच कोटींपैकी १ कोटी तिकडचे होते.

अमंग असचा हिशेब मात्र मी स्टुडिओतल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगायचो. तीन-चार जणांच्या इनरस्लॉथने २०१८ साली काढलेला हा छोटासा गेम दोन वर्षं कोणी विचारत नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत तो अचानक घरोघरी पोचला. स्टीमवर लाखोंनी गर्दी, बातम्या त्याच गर्दीच्या. सुपरडेटा या संस्थेने नोव्हेंबर २०२० चा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ९७ टक्के खेळाडू मोबाइलवर, फुकट खेळत होते. पीसीवाले उरलेले तीन. म्हणजे पीसीचा आकडा निव्वळ धूळफेक? थांबा. गल्ल्यातले ६४ टक्के पैसे त्या पीसीवाल्यांकडून आले होते. किती लोक खेळतात असं विचाराल तर खिडकी खोटी. घर कोणावर चालतं असं विचाराल तर खिडकीशीच रांग होती. नवी मुलं हे ऐकून वहीत काहीतरी लिहून घ्यायची. काय लिहायची, देव जाणे.

आपल्या देशाचं तर विचारूच नका. स्टीमवरचा आजवरचा सगळ्यात मोठा उच्चांक पबजीचा, जानेवारी २०१८ मधला, ३२ लाखांच्या वर. पण आपल्या गल्लीत ज्याला पबजी म्हणायचे, तो मोबाइलवरचा. जानेवारी २०१९ मध्ये एका आईने मुलाच्या खेळाची तक्रार केली तेव्हा पंतप्रधानांनी ‘पबजीवाला आहे का’ म्हणून विचारलं, तो मुलगाही बहुधा फोनवालाच असणार. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने मोबाइलवरच्या पबजीवर बंदी घातली. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी त्या संध्याकाळी जेवण सोडलं. स्टीमवर याचा ओरखडाही उठणं शक्य नव्हतं, कारण ही पोरं तिथे कधी मोजलीच गेली नव्हती.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला, देवादिकांच्या कथांवरचा, ज्याची चर्चा परदेशातही झाली. आला तो आधी निन्टेंडो स्विचवर. पीसीवर यायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. तोवर आमच्या ऑफिसातले विद्वान स्टीमवर शोधून ‘कुठे आहे हो तुमचा राजी?’ असं विचारत होते.

विद्वानांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण आमच्या गेमचंही तेच झालं. आम्ही तो एका कन्सोलवरही काढला होता, साहेबांच्या मते ‘प्रतिष्ठेसाठी’. कन्सोलचा जिवंत आकडा नसतो. दोन-तीन महिन्यांनी विक्रीची एक्सेल शीट मेलने येते. ती आली तेव्हा कळलं की कन्सोलवरची विक्री पीसीच्या कितीतरी पुढे आहे. तोवर आम्ही पगारवाढी, पॅच आणि भांडणं जी केली, ती सगळी गेमच्या लंगड्या पायाकडे बघून. मेल उघडला तेव्हा दाखवायला टीव्हीकडे धावलो. त्यावर त्या दिवशी नेमकं क्रिकेट होतं.

माझा स्वतःचा निकाल विचाराल तर: जो गेम स्टीमवरच विकला जातो, त्याची आजची आणि गेल्या महिन्याची तुलना या आकड्यावरून खुशाल करावी. दोन वेगळ्या गेमची कुस्ती त्यावर लावू नये. आणि कन्सोल किंवा मोबाइलच्या गेमचं मयत तर मुळीच जाहीर करू नये. फोर्टनाइट स्टीमवर नाही. ३० नोव्हेंबर २०२४ च्या त्यांच्या समारोपाच्या कार्यक्रमात एका वेळी १ कोटी ४३ लाख लोक हजर होते. स्टीमच्या यादीत त्या रात्री त्यांचा नंबर कितवा होता म्हणाल? नव्हताच.

आता ते सहा.

आमच्या आलेखाला एक विचित्र खोड होती. सकाळी अकराच्या सुमाराला तो सहाने वर जायचा आणि रात्री अकराला सहाने खाली यायचा. रोज. साहेबांनी त्यावर सिद्धांत बांधला आणि गुंतवणूकदारांच्या बैठकीत स्लाइडही दाखवली: आमचा मूळ भारतीय खेळाडू शिस्तीचा आहे, वेळेवर झोपतो. टाळ्या पडल्या. महिनाभराने मी लग्नाला सांगलीला गेलो आणि विश्रामबागेत मावसभावाच्या गेमिंग पार्लरमध्ये डोकावलो. सहा मशिन. लाँचच्या दिवशी मी त्याला गेमचे सहा फुकट कोड पाठवले होते आणि ‘चालू ठेव रे’ म्हणालो होतो. सहाही पोरं व्हॅलोरंट नावाच्या दुसऱ्याच गेममध्ये गढलेली, एकमेकांना शिव्या देत. मी विचारलं, “आमचा कुठाय?”

“हा काय दादा.” त्याने पडद्याच्या तळाशी बोट दाखवलं. आमच्या गेमचं चिन्ह तिथे मिनिमाइज होऊन पडलं होतं. “सकाळी उघडतो आणि खाली टाकतो. तूच म्हणाला होतास ना? पोरं कोण खेळतंय तुझा गेम!”

व्हॅलोरंट स्टीमवर नाही. म्हणजे स्टीमच्या दप्तरी सांगलीच्या त्या पार्लरमध्ये दिवसाचे बारा तास सगळे आमचा गेम खेळत होते आणि व्हॅलोरंट एकही जण नाही. मी परत आलो, साहेबांना काही बोललो नाही. भावालाही ‘बंद कर’ म्हणालो नाही.

स्टुडिओ सोडून आता बरेच दिवस झाले. परवा रात्री सवयीने आलेख उघडला. दहा अठ्ठावन्नला आकडा सात होता, अकरा वाजून पाच मिनिटांनी एक. तो एक कोण आहे, ते मला अजून कळलेलं नाही.